सहीशिवायचा कोंबडा

“मामा, एक कोंबडा काढून पाहिजे.”

मामांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. “गफूरनं पाठवलं व्हय तुला?”

“नाही. मलाच पाहिजे.”

“तुला कशाला कोंबडा?”

“टी-शर्टवर टाकायला.”

आता मात्र पेपर खाली आला. मामांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या साडीकडे, मग परत माझ्याकडे.

“मी नाही हो घालणार! बाहेरच्या देशातली स्पर्धा आहे, कॉम्प्युटरवरची. आपण चित्र पाठवायचं, जगभरचे लोक मतं देतात, पहिलं येईल ते टी-शर्टवर छापतात. ह्या वेळी विषय आहे पाळीव प्राणी.”

“मग पाठीव की. तुमच्या त्या मशिनीतनं कोंबडी निघत्यात म्हणं, धडाधड.”

टोमणा मी मुकाट गिळला. खरा होता.

मामा म्हणजे हिंदुराव पेंटर, माझे सासरे. विट्यात स्टँडपासून मायणी रोडपर्यंत एके काळी जेवढ्या पाट्या होत्या, त्यांतल्या निम्म्या त्यांच्या हातच्या. पण नाव झालं ते गफूरभाईच्या चिकन सेंटरवरच्या कोंबड्यानं. पत्र्यावर ऑइल पेंटनं काढलेला तो कोंबडा एकोणीस वर्षं तिथं उभा होता. छाती पुढे, मान मागे, तुरा असा की पाटलाच्या लग्नाला निघालाय. आणि डोळ्यांत अशी जरब की गफूरभाई म्हणायचा, “पेंटर, तुमच्या कोंबड्यासमोर अर्धा किलो मागायला गिऱ्हाईक लाजतंय.”

मग आम्ही फ्लेक्सचं मशीन घेतलं. मामांच्याच दुकानात, मामांच्याच जागेत. आणि एक दिवस गफूरभाई नवीन बोर्ड सांगून गेला. इंटरनेटवरून कोंबड्याचा फोटो मी शोधला, शेजारी लेगपीसची प्लेट मी बसवली, खाली मोबाइल नंबर मी टाकला. मामा दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले तेव्हा पत्रा गटारीच्या कडेला उलटा पडला होता.

भांडण नाही, आदळआपट नाही. घरी आले, ब्रश धुतले, कोरडे केले, कपाटात ठेवले. तेव्हापासून दोन वर्षं ते दुकानाची पायरी चढले नव्हते. दारात ओट्यावर बसून पेपर वाचायचे, अगदी निविदासूचनांसकट. आमचे हे म्हणायचे, “वय झालं, आराम करू दे.” पण आराम करणारा माणूस असा दिसत नाही. मला एवढंच हवं होतं, की त्या हातात परत ब्रश यावा. स्पर्धा जिंकायची वगैरे पुढची गोष्ट.

“नियम तर ऐका,” मी म्हणाले आणि वही उघडली.

नियम मी शब्दकोश मांडीवर घेऊन चार दुपारी लावले होते. मी दहावी. कॉम्प्युटरवर बोर्ड जुळवायचं ते कोरल शिकले तेसुद्धा ह्यांच्या खांद्यावरून बघून आणि चुका करून. त्यांच्या नियमांच्या पानाचा मथळा होता ‘सादरीकरण’. मला वाटलं, गॅदरिंगसारखं स्टेजवर काहीतरी करायचंय. तसं नव्हतं. चित्र कसं दाखवायचं, त्याचे नियम होते. प्रत्येकानं त्यांनी दिलेला कोरा टी-शर्टच घ्यायचा आणि चित्र त्याच्यावर बसवून दाखवायचं. टी-शर्ट माणसाच्या अंगात दाखवायचा नाही. मागं साधा एकच रंग. एका कोपऱ्यात हवं तर चित्राचा जवळून दिसणारा तुकडा. आणि चित्रात रंग चारच, ते कुठले ते खाली छोट्या चौकोनांत मांडायचे.

“चारच?” मामा म्हणाले.

“चारच. टी-शर्टचा रंग धरायचा नाही.”

मामांनी पेपराची घडी घातली. “हे कोण शहाणं माणूस हाय,” ते म्हणाले. “चार रंगांत काढायचं म्हणजे काढणाऱ्याची परीक्षा. मशिनीला काय, लाख रंग ओकतीया.” मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “काळा सदरा घे. ग्राउंड काळं असलं की काळा रंग फुकटात मिळतोय. चाराचं पाच.”

हो म्हणाले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवायला उठले तर शेगडीशेजारी कार्डशीट उभं केलेलं. त्यावर कोंबडा. लाल, पिवळा, निळा, पांढरा. दोन वर्षांत ब्रशला हात न लावलेल्या माणसाचा. पत्र्यावरच्यापेक्षा थोडा म्हातारा, पण तोच. आणि पायाला खेटून, झोकदार अक्षरांत: पेंटर हिंदुराव, विटा.

दूध उतू गेलं.

आता माझी पाळी होती. स्कॅन केलं, कोरलमध्ये रंग वेगळे केले, त्यांच्या टी-शर्टवर बसवलं. बसवलं आणि बघितलं तर टी-शर्टभोवती ही एवढी मोकळी जागा! आमच्या धंद्यात मोकळी जागा म्हणजे आमचा आळस. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर तळहाताएवढं रिकामं दिसलं तरी गिऱ्हाईक बोट ठेवून विचारतं, “हितं काय टाकलं न्हाई?” म्हणून मी मागं सूर्यकिरणं टाकली. किरणं टाकल्यावर खालचे कोपरे बोडके वाटले, तिथं दोन समया ठेवल्या. ह्यांनी मागून येऊन बघितलं आणि म्हणाले, “दुकानाचा नंबर?”

“अहो, ते लोक काय फोन करणारेत?”

“काय सांगावं.”

नंबर टाकला. पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. इतकं नम्र पत्र मला आजवर कुणी लिहिलेलं नाही. तुमचा पक्षी फार सुंदर आहे, असं सुरुवातीलाच. मग पुढे: मागचे किरण काढा. दोन दिवे काढा. फोन नंबर काढा. आणि पायाजवळचं ते बारीक लिखाण काढा, कारण चित्रावर नाव किंवा सही चालत नाही. लोकांनी मत चित्राला द्यावं, माणसाला नको. पुन्हा एकदा पाठवता येईल, शुक्रवारपर्यंत. त्यानंतर मात्र नाही.

किरणं काढताना जीव थोडा तुटला. समया लगेच काढल्या. नंबर ह्यांनी स्वतःच काढला. राहिली सही.

मी ओट्यावर गेले.

“मामा, ते सही काढायला सांगतायत.”

“असं?” मामा म्हणाले. “मग कोंबडा पण काढ.”

“नियम आहे हो. सगळ्यांनाच आहे.”

“असंल. मी बेचाळीस वर्षांत बिनसहीची पाटी शिडीवरनं उतरवली न्हाई. आमदाराची न्हाई, देवळाची न्हाई. मुतारीवर बाण काढून ‘पुरुष’ लिवलं, त्याच्याखाली पण सही केली. समदा गाव हसला.”

“एकदाच, मामा.”

“सही न्हाई तर काम न्हाई.” आणि पेपर परत वर गेला.

घरात येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “अहंकार. पहिल्यापासून आहे. तू नाद सोड. ते परत रुसले तर मला सांगत येऊ नको.”

मलाही तो अहंकारच वाटला. चांगल्या कारागिराला असतो तसा. कार्डशीट मामांनी आत नेऊन कपाटात ठेवलं, ब्रशांच्या शेजारी. आणि मला वाटलं, हा माणूस आता परत दोन वर्षांसाठी गेला.

शुक्रवारी दुपारी दुकानात मी एकटी होते. स्कॅन माझ्याकडे होताच. सही खोडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाठवून दिलं. संध्याकाळी उत्तर आलं, स्वीकारलं. मी घरी गेले आणि ओट्यावर उभी राहून म्हणाले,

“घेतला हो मामा कोंबडा. सहीसकट.”

खोटं बोलायचं ठरवून गेले नव्हते. जाता जाता झालं.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ऐकलं म्हण की त्यांनी,” म्हणाले. बस्स, तेवढंच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला इस्त्रीचा शर्ट घालून ते दुकानात आले. दोन वर्षांनी. पायरी चढले, मशीनकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि दारातल्या स्टुलावर बसले. खिशातून दोन ब्रश काढून काउंटरवर ठेवले. हे मापं लिहीत होते, त्यांचं पेन थांबलं. आम्ही दोघं होतो तिथंच राहिलो. घराच्या वळचणीला पाखरू येऊन बसलं की कसं आपण हलत नाही, तसे.

तो आठवडा फार मजेत गेला. मामांनी एका रिक्षाची नंबरप्लेट रंगवली, मग दुसऱ्या रिक्षाची. मध्ये मध्ये मला हाक. “काय म्हणत्यात गं?”

मी शब्दकोश काढायची आणि साइटवर चित्राखाली लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचून दाखवायची. एका बाईनं लिहिलं होतं, ह्याच्यासमोर मी उशिरा उठायची हिंमत करणार नाही. एका मुलानं लिहिलं होतं, हा आमच्या हेडमास्तरांसारखा दिसतो. मामा गंभीरपणे मान डोलवायचे. “कुठल्या गावचं म्हणालीस हेडमास्तर?” चित्र बघायला मागितलं की मी माझ्याकडची सहीवाली फाइल उघडून दाखवायची. मामा सहीवरून नजर फिरवायचे आणि परत स्टुलावर. दर वेळी मी फाइल घाईनं बंद करायची. पण संध्याकाळी त्यांच्या बोटांना लागलेला रंग बघितला, की वाटायचं, असू दे.

गुरुवारी मी बँकेत गेले होते. परत आले तर स्टूल रिकामं. मामा माझ्या खुर्चीत, कॉम्प्युटरपुढे. ह्यांनी हौसेनं साइट उघडून दिली होती आणि स्वतः बाहेर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स गुंडाळत होते.

मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं येत होती. बेचाळीस वर्षं रंगवलेली, ‘मेडिकल’पासून ‘बिअर शॉपी’पर्यंत.

“एस,” मामा म्हणाले. बोट स्क्रीनवर टेकलेलं. “एच. ए. एल. ए. एन.”

मी पिशवी खाली ठेवली.

“शालन. तुझं नाव हाय हे.”

“हो.”

“आन् माझी सही?”

“नाही.”

“न्हाई म्हंजे?”

“मी खोडली, मामा. त्याशिवाय ते घेत नव्हते. आणि चित्राच्या खाली नावाचा एक रकाना असतो, तिथं एकच नाव बसतं. ज्याचं खातं त्याचं.” इथं थांबले असते तर चाललं असतं. पण आता खोट्याचा कंटाळा आला होता. “तुमच्या नावाचं खातं काढता आलं असतं. मी तसा विचारही केला होता. मग माझं टाकलं. माझं नाव कुठं लिहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं, रेशन कार्ड सोडून.”

मामांनी पडद्यावरच्या कोंबड्याकडे बघितलं, मग खाली.

“आन् हे शेवटचं काय लिवलंय? आज आलंय ते.”

मी वाचलं. एक शब्द अडला, तो शोधला. मग परत पहिल्यापासून वाचलं.

“सांग की.”

“तो म्हणतो, मी कोंबड्या पाळतो. पक्षी रुबाबदार आहे. पण ह्याच्या उजव्या पायाला मागचं बोट नाही. चौथं. त्या बोटाशिवाय कोंबडा उभा राहू शकत नाही, मागं पडेल.”

“माझ्या कोंबड्याला बोट हाय,” मामा म्हणाले.

मी सहीवाली फाइल उघडली. होतं. मामांनी ते सहीच्या वरच्या रेघेवर टेकवलं होतं. कोंबडा आपल्या धन्याच्या नावावर पाय रोवून उभा होता. मी सही खोडली, तेव्हा तिच्याबरोबर बोटही खोडलं. आठवडाभर रोज बघत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

आता उठतील, मला वाटलं. ब्रश खिशात घालतील आणि जातील. मी म्हणाले, “मामा, मी चित्र परत घेते. आत्ताच्या आत्ता काढून टाकते तिथून.”

“कशाला? पळून जायला?”

“तुमची सही...”

“खाली बस.”

मी स्टुलावर बसले. आमच्या जागांची अदलाबदल झाली होती.

“लक्ष्मी दूध डेअरी ठाऊक हाय? तिची पाटी मी केली ती उमेदवारीतनं सुटल्यावर. पयली. प्रायमर न मारता रंग मारला, घाई होती. दीड महिन्यात ‘दू’ सोलून गळून पडला. मालक सही वाचून घर हुडकत आला. आमच्या दारात, आमच्या वडलांपुढं मला ह्या एवढ्या शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी भर बाजारात शिडी लावून समदी पाटी खरवडली आन् पयल्यापास्नं केली. लोक खाली हुबं राहून बघत हुते.” मामांनी चष्मा वर सरकवला. “तुम्हास्नी वाटतंय मी मिरवाय सही करतोय. उत्तमला तर वाटतंयच. अगं, चांगल्या पाटीखालची सही कोण वाचतंय? सोललेल्या पाटीखालची वाचत्यात. सही म्हंजे शिव्या कुठं पोचवायच्या त्याचा पत्ता.”

स्वतःचं नाव निघालं तसं बाहेर ह्यांचं गुंडाळणं थांबलं होतं. ऐकत असावेत.

“ह्या माणसानं तक्रार कुणाकडं केली?” मामांनी विचारलं.

“माझ्याकडे.”

“बरोबर केली. बोट कुणी मोडलं?”

“मी.”

“मग जोड.”

“चालेल. स्वीकारलेल्या चित्रात एकदा दुरुस्ती करता येते, मतदान संपेपर्यंत. ह्या फाइलमधून उचलते आणि...”

“उचलून न्हाई. काढ.”

आता हे सांगायला हवं, की मी तोवर आयुष्यात हातानं काही काढलेलं नव्हतं. कोरलमध्ये मी राजवाडे बसवत होते, पण ते इकडून उचलून तिकडे. नुसता कागद समोर आला, की माझा हात पाहुण्यासारखा अवघडायचा. हे मी मामांना सांगितलं.

“ठाऊक हाय,” मामा म्हणाले आणि काउंटरवरचा बारीक ब्रश माझ्यापुढे धरला.

पहिलं बोट काढलं, ते भेंडीसारखं झालं. दुसरं आल्यासारखं. पाचव्याला हे आत आले, बघितलं आणि म्हणाले, “हे काय, मिरची?” मामांनी त्यांना बाहेर पाठवलं. मामांनी एकदाही माझा हात धरला नाही, स्वतः काढून दाखवलं नाही. फक्त म्हणायचे, “कोंबड्याचा भार त्याच्यावर येणार हाय, ध्यानात ठेव,” आणि नवा कागद सरकवायचे. चौदाव्या खेपेला जे आलं ते निदान बोट होतं. किंचित वाकडं. मामांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

“वाकडं हाय,” म्हणाले. “पर उभा राहील. टाक.”

मी स्कॅन करून पायाला जोडलं, चित्र बदललं, आणि त्या कोंबडीवाल्याला माझ्या तेव्हाच्या इंग्रजीत लिहिलं: चूक माझी. बोट माझं. आता बघा. रात्रीत त्याचं उत्तर आलं, आता तो उभा राहतो.

कोंबडा जिंकला नाही. दोनशे सतरावा आला. आमचे हे म्हणाले, जगात दोनशे सतरावा म्हणजे काही कमी नाही, आणि ते गावभर सांगत सुटले. जिंकलेलं चित्र म्हणजे एका झोपलेल्या मांजराचं वेटोळं होतं, एकाच रंगात, एकाच रेघेत. मामांनी ते बराच वेळ बघितलं. “बरोबर हाय,” म्हणाले. त्यांना त्यात नेमकं काय बरोबर वाटलं, ते मला कळायला पुढची चार वर्षं लागली.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी घरी जाताना मामा एक शब्द बोलले नाहीत, जेवताना नाही, जेवल्यावर नाही. हे अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले, “उद्यापासून परत ओटा. बघ तू.” मला झोप लागली नाही.

सकाळी मी दुकान उघडायला गेले तर मामा आधीच शटरपुढे उभे. काखेत जुन्या पेपरांचा गठ्ठा, हातात रंगाचा एकच डबा, काळा. शटर वर गेलं तसे सरळ आत आले. काउंटरवरचे माझे कागद बाजूला केले, पेपर पसरला, आणि ब्रश माझ्यापुढे ठेवला.

“काय काढू?” मी विचारलं.

“काय न्हाई. रेघा मार. ह्या टोकापास्नं त्या टोकाला.”

“किती?”

“मी बास म्हणंपर्यंत.”

ते स्टुलावर जाऊन बसले आणि तिसऱ्या रिक्षाची नंबरप्लेट मांडीवर घेतली. मी रेघा ओढू लागले. गिऱ्हाइकं येत होती, बघत होती, हसत होती. गफूरभाईसुद्धा डोकावून गेला. दुपारपर्यंत दीडशे झाल्या, संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर. मग मामा उठले, चष्मा नीट केला आणि पेपरांवर पेपर उलटत सगळ्या रेघा बघितल्या, अगदी सावकाश, निविदा वाचायचे तशा. शेवटून चौथ्या पानावर एकीवर बोट ठेवलं.

“ही,” म्हणाले, “रेघ हाय.”